आई आणि आयी

चीनमध्ये राहून आलेल्या माणसाला आपल्या समाजात पहिला प्रश्न विचारला जातो तो खाण्याचा. "तिकडे म्हणे काहीही खातात, मग तुम्ही इतके महिने काढले तरी कसे?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर निम्मी काळजी असते आणि निम्मे कुतूहल. मी उत्तराची सुरुवात पाण्यापासून करते आणि ऐकणाऱ्याचा थोडा विरस होतो.

जुन्या वळणाचा चिनी माणूस थंड पाणी पीत नाही. उन्हाळा असो वा हिवाळा, त्याला उकळलेले पाणीच लागते. रेल्वेच्या डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो, रुग्णालयात असतो, शाळेत असतो. बसचालक, शिक्षिका, दुकानदार, ज्याच्या त्याच्या हाताशी झाकणाचा थर्मास असतो. आपल्याकडे प्रवासात उकळलेले पाणी मागितले, तर वाढपी आजारी माणसाकडे पाहावे तसा आपल्याकडे पाहतो. माझ्या सासूबाई आयुष्यभर गाळून उकळलेले पाणी प्याल्या. लग्नकार्यात त्यांच्या एका तांब्यासाठी दोन माणसांची धावपळ होत असे. त्यांना यीवूला नेले असते, तर त्या माउलीला आयुष्यात प्रथमच पाण्यासाठी कोणाला काही सांगावे लागले नसते. अर्थात तिकडचे कारण जीवदयेचे नव्हे. थंड पाण्याने पोटातली ऊब मोडते, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे.

मी यीवूला गेले २०१८ च्या जुलैमध्ये आणि परतले २०१९ च्या एप्रिलअखेरीस. बँकेतली नोकरी संपून वर्ष झाले होते. मुलगा तिथे खरेदीची दलाली करीत होता. भारतातील व्यापाऱ्यांसाठी माल निवडायचा, तपासायचा आणि कंटेनर भरून रवाना करायचा, असे त्याचे काम. सूनबाईला दिवस गेले होते. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. परंतु डॉक्टरांनी तिला विमानप्रवासाची मनाई केली आणि विहीणबाईंना घरच्या आजारपणामुळे निघता येईना. तेव्हा सांगलीची हळद-गुळाची अडत आणि घर, दोन्ही ह्यांच्यावर सोपवून मी निघाले. सामानात कपडे कमी आणि डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशेपा, मेथी अधिक होती.

यीवू हे नाव आपल्या व्यापारी घरांतून आता नवे राहिलेले नाही. झेजियांग प्रांतातले हे गाव शांघायच्या दक्षिणेस, वेगवान रेल्वेने दोनेक तासांच्या अंतरावर आहे. तिथल्या घाऊक बाजारात सुमारे ७५,००० गाळे आहेत. खेळणी, नकली दागिने, छत्र्या, चेन, बटणे, वह्या, पेने असा आपल्या पेठांमधल्या दुकानांत दिसणारा अर्धाअधिक किरकोळ माल एकेकाळी त्या गाळ्यांतून आलेला असतो. मला मात्र बाजाराच्या आकाराहून त्याची जन्मकथा अधिक आवडली. तिथली जमीन निकस. शेतकरी खतासाठी कोंबडीची पिसे गोळा करीत आणि त्या पिसांच्या बदल्यात लोकांना गूळ देत. खांद्यावर कावड, हातात खुळखुळणारे छोटे डमरू, आणि कावडीत घरचा तांबूस गूळ; असे हे फेरीवाले हिवाळ्यात गावोगाव हिंडत. पुढे कावडीत सुया, दोरे, गुंड्या आल्या. त्या काळी खाजगी व्यापार हा तिकडे गुन्ह्यासारखाच मानला जाई. १९८२ साली श्ये गाओह्वा या स्थानिक पक्षसचिवांनी अंगावर जबाबदारी घेऊन बाजार उघडण्यास परवानगी दिली आणि तिथून हा सारा पसारा वाढला. गुळाच्या अडतीवर संसार झालेल्या घरातल्या बाईला ही हकीकत परकी कशी वाटावी? यीवूचा तांबडा गूळ आजही नावाजलेला आहे. नोव्हेंबरच्या सुमारास उसाची गुऱ्हाळे सुरू होतात आणि कढईतल्या पाकाचा वास थेट आपल्या सांगली-कोल्हापूरकडचा.

गाळ्यांवर बहुतेक ठिकाणी बाईच बसलेली. मालकीणबाईंना तिकडे 'लाओ पान न्यांग' म्हणतात. ती ग्राहकाशी भाव करते, शेजारी पोराचा गृहपाठ घेते आणि तिथेच डबा खाते. भाव तोंडाने होत नाही. ती गणकयंत्रावर आकडा मारते, आपण तो पुसून आपला आकडा मारायचा, मग ती कपाळाला हात लावते. बोटांवर आकडे दाखवण्याची त्यांची रीतही निराळी. आपण दहापर्यंत मोजायला दोन हात वापरतो. ते एका हातावर भागवतात. अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. एका नवख्या भारतीय व्यापाऱ्याला त्या आठाच्या खुणेत 'दोन' दिसले आणि त्याने आनंदाने मान डोलावली, असे मुलगा सांगतो. आपले मान डोलावणे तिकडे 'हो' की 'नाही' हे कळत नाही, म्हणून तो बिचारा त्या दिवशी वाचला.

दुपारी जेवण झाले की सारा बाजार, कचेऱ्यासुद्धा, डुलकी घेतात. टेबलावर डोके टेकून, घडीच्या खाटेवर, खुर्चीत, जमेल तसे. यात कोणाला संकोच नाही. आमच्या बँकेत जेवणाच्या सुटीत पाच मिनिटे खिडकी उशिरा उघडली तर वरपर्यंत तक्रार जात असे, हे मी तिथल्या एका कारकुनाला सांगितले, तेव्हा त्याला आमची दया आली.

बँकेचा विषय निघालाच आहे तर थोडे त्याविषयी. एम.कॉम.च्या अभ्यासात आणि पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी समजत होते की हजार-लाख-कोटी ही केवळ आपलीच तऱ्हा, उरलेले जग दशलक्षांत मोजते. चिनी माणूस यापैकी काहीच करत नाही. त्याचे मोठे माप दहा हजारांचे, त्याला 'वान' म्हणतात. दोन लाख वीस हजार म्हणजे त्याचे बावीस वान, एक कोटी म्हणजे हजार वान, आणि दहा कोटींना पुन्हा स्वतंत्र शब्द. पहिले दोन महिने मी भाजीचा हिशेब सोडून कोणताही हिशेब मनात करू शकले नाही. परंतु एका गोष्टीने मला फार आनंद दिला. त्यांच्या लिपीत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. आणि एकाच्या रेघेवर एक उभी रेघ मारली की झाले दहा. म्हणजे पावतीत फेरफार करणाऱ्याला केवढी सोय! म्हणून धनादेशांवर आणि पावत्यांवर आकड्यांची निराळी, किचकट अक्षरे लिहितात, ज्यांत रेघ घुसवता येत नाही. आपण रकमेपुढे 'फक्त' लिहून रेघ ओढतो, त्याचीच ही थोरली बहीण. सहीला मात्र तिकडे फारशी किंमत नाही. करारावर कंपनीचा तांबडा गोल शिक्का हवा. मुलाच्या कचेरीत मी पहिल्यांदा एक करार पाहिला आणि सवयीने सही शोधू लागले, तो म्हणाला, "आई, शिक्का पाहा, सही नंतर."

रोख पैशांचे तर माझ्या देखत अवमूल्यन झाले. कोपऱ्यावरची भाजीवाली वृद्धा गळ्यात चौकोनी ठिपक्यांचा छापील कागद अडकवून बसे. गिऱ्हाइकाने फोन पुढे करायचा की झाले. मी नोट दिली की ती पदराखालून डबा काढून सुटे शोधत बसे आणि मागची रांग माझ्याकडे पाही. आपल्याकडेही आता तेच झाले आहे. पण २०१८ साली ते पाहताना, आयुष्यभर नोटा मोजलेल्या माझ्या बोटांना कसेसेच होई.

आमच्याच मजल्यावर समोरच्या घरात एक बाई राहत. मोज्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या. कामगार स्त्रिया तिकडे तेव्हा पन्नाशीतच निवृत्त होत. मुलगा हांगझौला, नवरा गेलेला. आईच्या वयाच्या स्त्रीला चिनी भाषेत 'आयी' म्हणतात. शब्दशः अर्थ मावशी. त्यामुळे आमच्या घरात मोठा घोटाळा होई. सूनबाईने "आई" म्हटले की मी वळे आणि "आयी" म्हटले तरी मीच वळे. इंग्रजीने सगळ्यांना एकाच 'अंकल-आंटी'च्या दावणीला बांधले. चिनी भाषेत मात्र वडिलांचा थोरला भाऊ निराळा, धाकटा निराळा, मामा निराळा, आईकडचे आजोबा निराळे. आडनावही आधी आणि नाव मागून. "जेवण झाले का?" हाच त्यांचाही जुना नमस्कार: "छ्र ल मा?" आणि भेटताच वय, पगार, घरभाडे, "दुसरे मूल कधी" हे सारे बिनदिक्कत विचारणे, हेही अगदी आपल्यासारखे. "तुम्ही गेल्या महिन्यापेक्षा जाड दिसता," असे आयी मला जिन्यात प्रेमाने सांगत. आमचे संभाषण निम्मे खुणांनी आणि निम्मे भाषांतर करणाऱ्या फोनने चाले. फोन कधी काय बोलेल याचा नेम नसे.

एक गोष्ट मला उशिरा उमगली. आयींनी काही दिले की मी दर वेळी त्यांच्या भाषेत आभार मानत असे. तेवढे दोन शब्द मी पाठ केले होते. एकदा त्या चक्क रागावल्या. जवळच्या माणसाचे आभार मानणे म्हणजे त्याला दारात उभे करणे, असे त्यांचे म्हणणे. आपल्या आजीला कोणी "थँक यू" म्हटले असते तर तिनेही हेच म्हटले असते. आपणच हल्ली ते विसरलो.

सप्टेंबरमध्ये दशलक्षण पर्व आले. आमच्या घराजवळ मंदिर नव्हते. मी घरातच एका कोनाड्यात पूजा मांडली. पहाटे न्हाऊन बारीक काठाची पांढरी साडी नेसत होते. दोन दिवसांनी निर्जळी उपवास होता. त्या दिवशी आयींनी दारातून मला पाहिले, घरात शिरल्या, माझे दोन्ही हात धरले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मला काही कळेना. त्यांनी फोन पुढे केला. फोन म्हणाला, "तुमच्या घरातले कोण गेले?" पांढरा हा तिकडे सुतकाचा रंग; त्यात बाई अन्नपाणी घेत नाही. त्यांनी दुसरा कोणता अर्थ काढावा? सूनबाईने समजावून सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या की त्यांची आई दर चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी 'सू' असे, म्हणजे शाकाहार पाळी. बौद्ध घरांतला हा जुना नेम. आपल्या अष्टमी-चतुर्दशीच्या जवळचा. कडक 'सू'मध्ये कांदा-लसूणही वर्ज्य असतो, हे ऐकून मला आश्चर्याचा धक्का बसला. आपण जे सांगून सांगून दमतो, ते तिथल्या मठांच्या स्वयंपाकघरात शतकानुशतके चालत आले आहे. कंदमुळांचे मात्र त्यांना वावडे नाही; कमळाचे देठकंद आणि बटाटे ते खुशाल खातात. बाहेर खाताना 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही, कारण नुसते मांस म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे डुकराचे मांस येते. कोंबडी आणि मासे त्या शब्दातून निसटतात. 'सू' हा एक शब्द पाठ करावा, हे जाणाऱ्यांना माझे सांगणे.

त्या वर्षी अनंत चतुर्दशी २३ सप्टेंबरला होती आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्यांचा शरद पौर्णिमेसारखा चंद्राचा सण. आपली पंचांगे चंद्रावर चालतात तशी त्यांचीही. अधिक मासही दोघांकडे आहे. आयी गोल नक्षीदार चंद्र-वड्या घेऊन आल्या. बहुतेक वड्यांत चरबी आणि अंड्याचा बलक असतो, म्हणून मी हात आखडता घेतला. तर त्यांनी डबीवरचे बारीक अक्षर सूनबाईला वाचायला लावले: लाल चवळीसारख्या डाळीचे पुरण, वनस्पती तेल. त्या दुकानात उभे राहून डबी उलटसुलट करून वाचून आल्या होत्या. क्षमावणीच्या दिवशी मी फोनच्या साहाय्याने त्यांना म्हटले, "वर्षभरात माझ्याकडून मन दुखावले गेले असल्यास क्षमा असावी." त्या घाबरून मुलाच्या कचेरीत गेल्या आणि त्याला विचारू लागल्या, "तुझ्या आईने असे केले तरी काय?"

नोव्हेंबरच्या मध्यावर नात झाली. बाळ आणि बाळंतीण सुखरूप घरी आली आणि आमच्या दोन घरांत खरा वाद त्यानंतर सुरू झाला.

तिकडे बाळंतिणीने एक महिना घराबाहेर पडायचे नाही, याला ते 'महिना बसणे' म्हणतात. आपला सव्वा महिना, त्यांचा एक. वारा लागू द्यायचा नाही, डोके झाकायचे, थंडाला शिवायचे नाही, इथपर्यंत आयी आणि मी एकमताच्या. परंतु जुन्या रितीप्रमाणे महिनाभर अंघोळ नाही आणि केस तर धुवायचेच नाहीत. मी रोज सकाळी सूनबाईला तेल लावून, कडकडीत पाण्याने न्हाऊ घालून, ओव्याची धुरी देत होते. धुराचा वास जिन्यात गेला. आयी धावत आल्या आणि ओल्या केसांची बाळंतीण पाहून मटकन खाली बसल्या. माझ्या मते त्या मुलीचा आजार ओढवून घेत होत्या. त्यांच्या मते मी. दोघीही आपापल्या आजीच्या शब्दावर ठाम.

दुसऱ्या आठवड्यात बाळ रडू लागले. दूध पुरेना. तपासणीत वजन जितके वाढायला हवे तितके वाढलेले नव्हते. डॉक्टरांनी आठवडाभर वाट पाहून वरच्या दुधाचे ठरवू, असे सांगितले. हे आयींना कळताच त्यांचा चेहरा पांढरा पडला. २००८ साली तिकडे लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीत मेलामाइनची भेसळ सापडली होती. सुमारे ३ लाख मुलांना बाधा झाली आणि ६ बालके दगावली. त्यांचा नातू त्याच वर्षी जन्मलेला. तो बचावला, पण सहा महिने दवाखान्याच्या चकरा चालल्या होत्या. पावडरीच्या डब्यावर कोणत्याही देशाचे नाव असो, त्यांचा विश्वास बसत नसे. आईचे दूध वाढलेच पाहिजे, हा त्यांचा ध्यास झाला.

दुसऱ्या दिवशी त्या दारात उभ्या. हातात मोठा थर्मासचा डबा, वर रुमाल. डुकराच्या पायांचे आणि शेंगदाण्यांचे सूप. दूध वाढवण्याचा त्यांच्याकडचा हमखास उपाय. पहाटेपासून चार तास मंद आचेवर शिजवलेला. मुलगा मला मराठीत हळूच म्हणाला, "आई, घेऊन ठेव. मागाहून ओतून देऊ. त्यांचे मन मोडायला नको." व्यवहार म्हणून त्याचे बरोबर असेल. तिकडे माणसाची चारचौघांत पत राखणे ही फार मोठी गोष्ट, आणि त्याचे तर सारे बस्तान त्या गावात. पण त्या बाईने डोळ्यांत प्राण आणून केलेली वस्तू हसून घ्यायची आणि मोरीत ओतायची, ही गोष्ट मला नको होती. मी हात जोडले आणि सूनबाईकरवी सांगितले की आमच्या घरात हे कधीच येणार नाही, बाळासाठीसुद्धा नाही. आयींनी सूनबाईकडे पाहिले. मला वाटते, ती तरुण आहे, ती तरी हात पुढे करील, अशी त्यांना आशा असावी. सूनबाईने मान खाली घातली आणि तिला रडू कोसळले. आयी काही न बोलता डबा घेऊन परतल्या.

तीन दिवस समोरचे दार उघडले नाही. त्या तीन दिवसांत बाळ रात्र रात्र रडत होते आणि भिंतीपलीकडे ते ऐकू जात असणार. सूनबाईने एकदा मला विचारले, "आई, मी हट्ट करते आहे का?" मी तिला एवढेच म्हटले की आपल्या कित्येक पिढ्यांतल्या बाळंतिणींनी मुले वाढवली ती अळिवावर आणि मेथीवर. म्हटले खरे, पण रात्री बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालताना माझाही जीव थाऱ्यावर नसे. पावडरीचा एक डबा मुलाने आणून फडताळात ठेवलाच होता.

चौथ्या दिवशी सकाळी आयी आल्या. या वेळी हातात झाकण लावलेले पातेले, कोरे, वरची चिठ्ठीसुद्धा निघालेली नव्हती. घरातली साऱ्या भांड्यांत कधी ना कधी मांस शिजले आहे, म्हणून त्यांनी नवे विकत आणले होते. आत काळे तीळ, शेंगदाणे, तांबडे खजूरवजा बोर आणि यीवूचा नवा गूळ यांची दाट पेज. गावाबाहेरच्या मठात जाणाऱ्या एका शाकाहारी नातेवाईक बाईंना विचारून त्यांनी ती केली होती. फक्त एक अडचण होती. त्यांच्या रितीत गुळाबरोबर आले लागतेच, आणि ते त्यांनी वेगळ्या वाटीत किसून आणले होते, "हे चालते का ते आधी सांगा." मी डब्यातून सुंठ काढून दाखवली. त्यांनी ती हुंगली आणि हसल्या. वाळवलेले आले त्यांच्या औषधांच्या दुकानात मिळते, तेही याच कामासाठी. मग चुलीशी आम्ही दोघी उभ्या राहिलो. मी त्यांना अळीव भिजवून दाखवले, त्यांनी मला तीळ किती भाजायचे ते दाखवले. अंघोळीचा विषय मात्र दोघींनीही काढला नाही. तो आजपर्यंत अनिर्णितच आहे.

दहा दिवसांत दूध भरून आले आणि वजनाचा काटा सरकला. फडताळातला डबा न उघडताच परत गेला. हे त्यांच्या तिळाने झाले, माझ्या अळिवाने, की सूनबाईच्या मनावरचा ताण उतरल्याने, याची खतावणी मी मांडत नाही. मी त्यांना डिंक-अळिवाचे लाडू दिले. त्यांनी एक खाल्ला, मोठ्या मुश्किलीने. तुपाचा वास त्यांना उग्र लागला आणि गोडी सोसवेना. तिकडे मिठाईची सर्वांत मोठी स्तुती म्हणजे "फार गोड नाही".

महिना पूर्ण झाल्यावर तिकडे मोठा समारंभ करतात आणि लाल रंगवलेली अंडी वाटतात. आम्ही लाल कागदात गुंडाळलेले पेढे वाटले. आयींनी रंग पाहिला आणि संमती दिली. त्यांनी नातीसाठी लाल पाकिटात पैसे घातले होते. काही दिवसांनी त्यांच्या नातवाचा वाढदिवस आला, तेव्हा मुलाने आपल्या रितीप्रमाणे वर एक युआन ठेवून ५०१ चे पाकीट तयार केले. सूनबाईने ते वेळीच रोखले. शुभकार्यात तिकडे सम आकडा लागतो. वरचा एक सुटा ठेवून विषम रक्कम देतात ती मृताच्या घरी. आपला शकुनाचा रुपया त्यांच्या घरी नेमका अशुभ! शिवाय रकमेत चार नको, कारण चारचा उच्चार मरणाच्या शब्दाशी जुळतो. आठ असला तर उत्तम. भिंतीवरचे घड्याळ भेट देणे तर महापाप, कारण त्या शब्दांचा उच्चार अखेरच्या निरोपासारखा होतो. आमच्या बँकेने मला निवृत्तीच्या दिवशी घड्याळच दिले होते. आयींना ते मी कधीच सांगितले नाही.

हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य मावळे, आणि त्यांच्याकडे संध्याकाळचे जेवणही लवकरच. त्यामुळे रात्रिभोजन टाळणे मला सांगलीपेक्षा तिथे सोपे गेले. लग्नांच्या हंगामात सांगलीत रात्री नऊच्या आत पंगत बसते कुठे?

२०२० च्या जानेवारीत, चिनी नववर्षाच्या सुटीत बाजार बंद असतो म्हणून, मुलगा सहकुटुंब सांगलीला आला. सोबत पंधरा दिवसांचे कपडे होते. त्यानंतर काय झाले ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. मार्चअखेरीस चीनने परदेशी लोकांना प्रवेश बंद केला. यीवूच्या घराचे भाडे सहा महिने भरून अखेर ते सोडावे लागले. सामान आयींनी खोक्यांत भरून बाजारातल्या एका ओळखीच्या मालकीणबाईंकडे ठेवले. नातीचे फोटो त्यांना वीचॅटवरून जात होते. जूनच्या अखेरीस आपल्या सरकारने ५९ चिनी ॲप बंद केली, त्यांत तेही गेले. दोन देशांच्या भांडणात काय योग्य आणि काय अयोग्य, याविषयी मला मत आहे आणि ते इथे मांडण्याचे कारण नाही. आमच्याकडे आयींचा दुसरा कोणताही पत्ता नव्हता, एवढेच सांगते.

२०२३ मध्ये वाट मोकळी झाल्यावर मुलगा एकटा गेला. आता तो वर्षातून तीन वेळा जातो. संसार सांगलीतच आहे आणि नात इथल्या शाळेत आहे. ती यीवूतच वाढली असती तर काय झाले असते, हा प्रश्न सूनबाई अधूनमधून काढते आणि आम्ही दोघी त्यावर वेगवेगळी उत्तरे देतो. आयी हांगझौला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. मालकीणबाईंकडून नंबर मिळवून मुलाने त्यांना गाठले आणि त्यांच्या घरातून आम्हाला फोन लावून दिला. पडद्यावर त्या थोड्या थकलेल्या दिसल्या. त्यांनी आधी नातीचे वजन विचारले, मग ती कोमट पाणी पिते का ते विचारले. नात फ्रिजमधली बाटली मागे लपवत "हो" म्हणाली. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि मुलाला काहीतरी म्हणाल्या. तो हसू लागला.

"आई, त्या विचारतात, लाडू अजून तितकेच गोड करता का?"